आरव्ही-७ए ची फ्लॅप मोटर: तयार मागवावी, देशी अ‍ॅक्च्युएटर लावावा की स्क्रू स्वतः कापावा?

रिव्हेट_इंदूर

नमस्कार मंडळी,

सांवेर रोडच्या इंडस्ट्रियल एरियात माझं मशीन शॉप आहे. लेथ, मिलिंग, थोडं फॅब्रिकेशन. शेडच्या मागच्या भागात एक आरव्ही-७ए, म्हणजे किटमधून स्वतः बांधायचं लहान विमान, उभं राहतंय. दोघं शेजारी शेजारी बसतात, सांगाडा आणि पत्रा सगळा अ‍ॅल्युमिनियमचा, पुढचं चाक नाकाखाली. किट अमेरिकेतलं. एका गृहस्थांचं अर्ध्यावर थांबलेलं काम मी पेट्यांसकट उचललं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मुंबईला जवळून पाहिलं होतं, तेव्हापासून हे मनात होतं. परवानगीची फाइल माझा भाचा बघतो, ती चर्चा इथे नको. मला आज फक्त फ्लॅपबद्दल विचारायचंय.

पेट्यांत दोन्ही फ्लॅप आहेत, टॉर्क ट्यूब आहे, तिचे पांढऱ्या प्लास्टिकचे बेअरिंग ब्लॉक आहेत, सीटच्या मागे मोटर टांगायचा ब्रॅकेटही आहे. मोटर मात्र नाही.

ज्यांनी ही रचना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंखाच्या मागच्या कडेला, धडाकडचा जो भाग उतरताना खाली झुकतो, तो फ्लॅप. आरव्ही-७ मध्ये तो ४० अंशांपर्यंत खाली येतो, आणि पूर्ण खाली असताना वेग ताशी १०० मैलांच्या वर न्यायचा नसतो. डावा-उजवा दोन्ही फ्लॅप पुशरॉडने (ढकल-ओढ करणाऱ्या दांडीने) एकाच टॉर्क ट्यूबला, म्हणजे आडव्या फिरत्या नळीला, जोडलेले. मोटर दोन सीटच्या मागे मधोमध उभी टांगलेली असते, तिचा दांडा खाली येऊन ट्यूबच्या आर्मला धरतो. दांडा लांब-आखूड झाला की ट्यूब फिरते आणि दोन्ही फ्लॅप बरोबरीने हलतात. मूळ मोटरची खुबी अशी की स्ट्रोक संपला की आतला स्क्रू मोकळा फिरत राहतो, त्यामुळे तिला लिमिट स्विच, म्हणजे टोकाला पोचल्यावर वीज तोडणारे स्विच, लागतच नाहीत.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. एक, अमेरिकेत एक लहान उत्पादक मूळ मोटरच्या जागी जशीच्या तशी बसणारी मोटर बनवतो. आत लिमिट स्विच आणि पोझिशन सेन्सर दोन्ही. किंमत आणि वर कस्टम्स धरून आकडा जड होतो. दोन, इथे बारा व्होल्टचे लिनियर अ‍ॅक्च्युएटर (मोटरने दांडा सरळ आत-बाहेर सरकवणारे) सहज मिळतात, सोलर पॅनेल फिरवायचे, हॉस्पिटलच्या पलंगाचे. एक मी आणूनही ठेवलाय. तीन, चांगली गियर मोटर घ्यायची आणि स्क्रू-नट लेथवर स्वतः कापायचे. मन तिसऱ्या वाटेकडे ओढ घेतं, कारण आटे पाडणं हाच माझा धंदा.

ताकद किती लागते, वेग किती असावा, वायर-ब्रेकर कोणता, आणि बसवताना लोक नेमकं कुठे चुकतात, एवढं सांगा. ज्यांनी हाताने केलंय त्यांचं आधी ऐकेन.

---

मकरपुरा_गियर

दादा, वडोदऱ्याहून. मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्हचे अ‍ॅक्च्युएटर आणि गियरबॉक्स हेच माझं रोजचं काम. विमान मी बांधलेलं नाही, पण ताकदीचा हिशेब मांडून देतो. तुमची मापं टाकून ताडून घ्या.

ताशी १०० मैल म्हणजे सेकंदाला ४४.७ मीटर. समुद्रसपाटीच्या हवेत त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला साधारण १२२० न्यूटन. दोन्ही फ्लॅप मिळून समजा ०.९ चौरस मीटर, आणि तो दाब पूर्ण क्षेत्रावर पडला असं जरा कडक धरलं, तर ११०० न्यूटन. हा भार बिजागरीपासून समजा १० सेंटिमीटर मागे लागतो, म्हणजे ११० न्यूटन-मीटर. पुशरॉडचं गुणोत्तर एकास एक आणि मोटरचा आर्म साडेसात सेंटिमीटर धरला तर दांड्यावर जवळपास १४७० न्यूटन येतात. सरळ भाषेत दीडशे किलो.

आता दोन गोष्टी. विमानाच्या हिशेबात मोडण्याच्या भाराला निदान दीडपट धरतात. तिथून २२५ किलो. शिवाय भार वेगाच्या वर्गाने वाढतो. कुणी घाईत १४० मैलांवर स्विच दाबला तर तोच दीडशे किलोचा भार तीनशेच्या घरात जातो. तेव्हा कॅटलॉगमध्ये चालत्या स्थितीतला भार निदान २५०-३०० किलोचा हवा, आणि उभ्या स्थितीतला त्याहून बराच वर.

कॅटलॉग वाचताना लोक फसतात ते इथे: ६००० न्यूटन छापलेलं असतं, शेजारी बारीक अक्षरांत सेकंदाला ५ मिलिमीटर. तुमचा स्ट्रोक १२ सेंटिमीटर असेल तर एका फेरीला २४ सेकंद. एवढ्या वेळात फायनलवर, म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, तुमची निम्मी वाट सरते. तीच बॉडी दुसऱ्या गियरात घेतली की वेग वाढतो आणि ताकद त्याच मानाने उतरते. सेकंदाला १५ मिलिमीटर, म्हणजे आठ सेकंदांत पूर्ण, हा मला समतोल वाटतो.

हॉस्पिटलच्या पलंगाचा अ‍ॅक्च्युएटर मात्र बाजूला ठेवा. त्यातले पुष्कळ २४ व्होल्टचे असतात, काहींत नट फक्त रेटा देईल अशी सोय मुद्दाम केलेली असते, कारण पलंगाखाली हात सापडला तर ओढ बसू नये. तुमच्या रचनेत हवेचा भार दांड्याला ओढतो की दाबतो ते आधी बघा. ओढीचा असेल तर असला अ‍ॅक्च्युएटर काहीच धरणार नाही. दाबाचा असेल तर पूर्ण बाहेर आलेला दांडा वाकतो का, ते तपासा.

एक उघडून आतला गियर बघा. नायलॉनचा असेल तर मी लावणार नाही. मे महिन्यात बंद कॅनोपीखाली (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखाली) उभ्या विमानात सीटमागे किती तापतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

---

सुदामानगर

काका, मी इंदूरचाच. जरा वेगळं विचारतो. मोटर हवीच कशाला? आरव्ही-६ च्या काळात दोन सीटच्या मधे हँडब्रेकसारखा लिव्हर असायचा. ओढला की फ्लॅप खाली, सोडला की वर. ना वायर, ना ब्रेकर, ना जळण्याची भीती. तुमच्याकडे लेथ आहे, एका आठवड्यात होईल.

---

रिव्हेट_इंदूर

विचार करून पाहिलाय. लिव्हर मला आवडतो, हाताला भार कळतो हा त्याचा मोठा गुण. पण माझ्या धडात लिव्हरच्या जागी खाचा नाहीत, आणि तिथून इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या आधीच गेलेल्या आहेत. त्या उचकटायच्या नाहीत. मोटरच बसवायची आहे.

---

फिटर_ग्वाल्हेर

मी हवाई दलात इलेक्ट्रिकल फिटर होतो, निवृत्तीनंतर ग्वाल्हेरलाच स्थायिक. तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडोदऱ्याच्या भाऊंनी हिशेब चोख मांडलाय, पण मी उलट टोकाने सुरुवात करेन.

फ्लॅपची मोटर सगळ्या उड्डाणात मिनिटभरही फिरत नाही. बाकी सगळा वेळ ती काहीतरी धरून ठेवत असते. तेव्हा ती हलवते किती, याच्या आधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात: वीज नसताना ती जागची सरकते का, टोकाला पोचल्यावर थांबते कशी, आणि बिघडली तर फ्लॅप कुठल्या अवस्थेत राहतो. या तिन्हींची उत्तरं ज्या मोटरला नाहीत ती कितीही जोरकस असो, विमानात जाऊ नये.

पहिली गोष्ट स्क्रूची. बॉल स्क्रू, म्हणजे नटात गोळ्या फिरणारा, नको. तो इतका सुळसुळीत फिरतो की ९० टक्क्यांवर कार्यक्षमता मिळते, पण वीज गेली की भार त्याला उलटा फिरवतो, मग वेगळा ब्रेक लागतो. साधा अ‍ॅक्मे किंवा ट्रॅपेझॉइडल, म्हणजे जाड तिरप्या बाजूंच्या आट्याचा स्क्रू घर्षणात निम्म्याहून जास्त शक्ती खातो, आणि म्हणूनच धरतो. तुम्ही तुमच्या अ‍ॅक्च्युएटरचा आटा मोजा. एक सुरुवातीचा (एकच आटा गुंडाळलेला) आहे की दोन (दोन आटे शेजारी शेजारी), तेही बघा. मग भार टांगून, वीज काढून, फ्रेमला कंप देऊन बघा. शांत उभा असताना धरणारा स्क्रू कंपात रांगू शकतो. इंजिन चालू असताना विमानात कंप नाही असा क्षण नसतो.

दुसरी गोष्ट, टोक. लिमिट स्विच असलेल्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये प्रत्येक स्विचला आडवा डायोड (एकाच दिशेने प्रवाह सोडणारा भाग) असतो. टोकाला गेलं की त्या दिशेचा प्रवाह तुटतो, उलट दिशेचा डायोडमधून जातो, म्हणून परत येता येतं. छान आहे. पण हे स्विच अ‍ॅक्च्युएटरच्या स्ट्रोकचं टोक ओळखतात, तुमच्या फ्लॅपचं नाही. फ्लॅप वर जाऊन पत्र्यावर टेकला आणि स्ट्रोक अजून दोन मिलिमीटर बाकी असेल, तर ती मोटर अडलेल्या अवस्थेत ब्रेकर उडेपर्यंत पत्रा दाबत राहील. म्हणून आधी मोटर पूर्ण आत घ्यायची, मग पुशरॉडची लांबी अशी लावायची की फ्लॅपची मागची कड एलेरॉनच्या (पंखाच्या टोकाकडच्या, विमान कलवणाऱ्या भागाच्या) कडेशी एका रेषेत येईल आणि पत्र्याला जेमतेम स्पर्श होईल. खालच्या टोकाला अंशमापक लावून ४० च्या आत आहे ना ते बघायचं. स्ट्रोक जास्त असेल तर आर्मचं भोक दूर न्यायचं किंवा दुसरा अ‍ॅक्च्युएटर घ्यायचा. स्विच आत सरकवायच्या भानगडीत पडू नका.

तिसरी गोष्ट, बिघाड. तुमच्या विमानात एक ट्यूब, एक मोटर. ती बंद पडली तर दोन्ही फ्लॅप सारखेच अडकतात, विमान एका बाजूला कलत नाही. हा या रचनेचा प्राण आहे. एका मंचावर दोन स्वस्त अ‍ॅक्च्युएटर, प्रत्येक फ्लॅपला एक, अशी सूचना वाचली होती. तसं कधीही करू नका. एक थांबला आणि दुसरा गेला तर एलेरॉन पूर्ण देऊनही विमान सरळ राहील याची खात्री नाही.

आता बसवताना कुठे घात होतो ते. दांड्याच्या टोकाला रॉड एंड (आत फिरता गोळा असलेला जोड) आट्यांनी बसतो, वर तो जागी घट्ट धरणारा चेकनट. आत स्क्रू फिरतो तेव्हा तो दांड्यालाही सोबत फिरवायला बघतो, आणि ती पीळ रॉड एंडच्या आट्यांवर येते. दर फेरीला थोडी इकडे, थोडी तिकडे. चेकनट ढिला झाला की दांडा हळूहळू रॉड एंडमधून उलगडत जातो, आणि एक दिवस सुटतो. हवा फ्लॅपला एका झटक्यात वर ढकलते, जमीन जवळ असताना. मोटर उत्तम चालत असते, धरायला काही नसतं. म्हणून दांड्याला आडवं भोक पाडून रॉड एंडशी लॉकवायर करायचीच, म्हणजे तो फिरू नये म्हणून तारेने बांधायचा. ०.०३२ इंची स्टेनलेस, दुहेरी पीळ, घट्ट व्हायच्या दिशेने ओढलेली. आणि रॉड एंडच्या बोल्टला मोठा वॉशर घाला, म्हणजे आतला गोळा निसटला तरी रॉड एंड बोल्टवरून बाहेर पडणार नाही.

ग्रीसचंही बघा. मोटर वर आणि स्क्रू खाली असेल तर बरं. उलट टांगलेल्या किंवा जास्त ग्रीस भरलेल्या मोटरींत उन्हाळ्यात ग्रीस पातळ होऊन मोटरच्या कार्बनपर्यंत (कार्बन ब्रशपर्यंत) उतरतं. कार्बन ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर काळा चिखल होतो, मोटर आधी मंद होते, मग मधेच अडते. गियरच्या आणि कार्बनच्या मधे चांगला सील आहे का, हा प्रश्न उत्पादकाला थेट विचारा.

---

रिव्हेट_इंदूर

काका, हे छापून शेडमध्ये लावलंय.

आटा मोजला. आणलेल्या देशी अ‍ॅक्च्युएटरचा स्क्रू १२ मिलिमीटरचा, पीच ३, पण सुरुवाती दोन. म्हणजे एका फेऱ्यात नट ६ मिलिमीटर चालतो. मध्यव्यास साडेदहा धरला तर आट्याचा चढ १० अंशांच्या वर जातो. स्टील आणि ब्राँझच्या जोडीत ग्रीस असताना घर्षणाचा कोन ६ ते ९ अंशांच्या आसपास. चढ घर्षणापेक्षा जास्त म्हणजे हा स्क्रू स्वतःहून धरणारच नाही. जे काही धरतो ते मागच्या गियरच्या आणि मोटरच्या जडपणावर. एका सुरुवातीचा असता तर चढ ५.२ अंश आला असता. वेगासाठी दोन सुरुवाती दिल्या आहेत, हे उघड आहे.

हिशेबावर न थांबता काकांनी सांगितलेली चाचणी केली. चॅनेलच्या फ्रेमला अ‍ॅक्च्युएटर उभा बांधला, खाली दीडशे किलो लोखंड टांगलं, मधे हँगिंग काटा. बाजूला डायल गेज. वीज काढून रात्रभर ठेवलं, काटा तसूभर हलला नाही. सकाळी फ्रेमला ऑर्बिटल सँडर टेकवून चालू केला, आणि डायलचा काटा माझ्या डोळ्यांदेखत चालायला लागला. हळू, पण एका दिशेने, थांबायचं नाव नाही. माझा मुलगा तिथे होता, तो म्हणाला हा पलंगालाच बरा.

तेव्हा दुसरी वाट बंद.

तिसऱ्या वाटेचा हिशेब केला. एका सुरुवातीचा स्क्रू मी कापेन, त्यात अडचण नाही. पण सील, लिमिट स्विच, सेन्सर, गियरचं हीट ट्रीटमेंट हे सगळं एकत्र एका डब्यात भरून त्यावर जीव टांगायचा, तर आधी दोन-चार तयार करून थकेपर्यंत चालवावे लागतील. विमान आधीच बरीच वर्षं खातंय. तयार मोटर मागवतोय. त्यांना लिहून विचारलं, स्क्रू एका सुरुवातीचा असल्याचं आणि सीलबद्दल नीट उत्तर आलं.

आता विजेचं सांगा.

---

मकरपुरा_गियर

प्रवाहाचा अंदाज देतो. १४७० न्यूटन, सेकंदाला १५ मिलिमीटर, म्हणजे २२ वॉट काम. असला स्क्रू त्यातलं ३५ टक्केच पुढे देतो, गियर आणि मोटर मिळून निम्मं. मागे जात जात सव्वाशे वॉट, म्हणजे १३.८ व्होल्टला ९ अँपियर. पूर्ण वेगात शेवटच्या अंशांना एवढा, बाकी वेळ बराच कमी. अडकली तर याच्या कैक पट. जमिनीवर चाचण्या घेताना ड्यूटी सायकल बघा. २५ टक्के म्हटलं असेल तर पाच मिनिटं चालवून पंधरा मिनिटं गार करायची. भाच्याला दिवसभर स्विच खेळायला देऊ नका.

---

फिटर_ग्वाल्हेर

ब्रेकर वायरीचं रक्षण करतो, मोटरचं नाही. वायर आधी ठरवा, मग तिला झेपेल तो ब्रेकर. अमेरिकन विमान नियामक एफएएच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेत तक्ता आहे: २२ गेजला ५ अँपियर, २० ला साडेसात, १८ ला १०, १६ ला १५. तुमच्या ९ अँपियरला १८ गेज आणि १० चा ब्रेकर अगदी काठावर बसतो, म्हणून मी १६ गेज आणि १५ चा घेईन. व्होल्टही कमी पडतील. जाऊन-येऊन चार मीटर वायर असेल तर ९ अँपियरला १८ गेजमध्ये पाऊण व्होल्ट जातो, १६ मध्ये अर्धाच.

हे गेज अमेरिकन आहेत बरं. महाराणी रोडवर जाऊन नुसतं "सोळा गेज" मागाल तर दुकानदार ब्रिटिश गेजच्या हिशेबाने देईल, ती बरीच जाड निघेल. चौरस मिलिमीटरमध्ये मागा: १६ म्हणजे १.३, १८ म्हणजे ०.८. तरीही दुकानातली पीव्हीसी वायर नकोच. जळाली की बंद कॉकपिटमध्ये जो धूर होतो तो फुफ्फुसाला झोंबतो. टेफझेलच्या आवरणाची एम२२७५९/१६ मागवा, मोटरच्याच पार्सलमध्ये येईल.

स्विचवर २५० व्होल्ट १५ अँपियर लिहिलेलं असतं ते एसीचं. डीसीत, त्यातही मोटरचा प्रवाह तोडताना, ठिणगी लवकर विझत नाही आणि कॉन्टॅक्ट खाल्ले जातात. म्हणून लहान टॉगल आणि दोन रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारे स्विच). मारुतीत लागतात तसले पाच पायांचे, पायांवर ३०, ८५, ८६, ८७, ८७ए असे आकडे असलेले. मोटरचं एक टोक एका रिलेच्या ३० वर, दुसरं दुसऱ्याच्या ३० वर. दोन्हींचे ८७ए जमिनीला (बॅटरीच्या मायनसला), दोन्हींचे ८७ ब्रेकरला. स्विच सोडला की मोटरची दोन्ही टोकं जमिनीला जोडली जातात, मोटर स्वतःच जनरेटर होऊन स्वतःला थांबवते, घरंगळत पुढे जात नाही. कॉइलवर ८५-८६ ला उलटा १एन४००७ डायोड लावा.

एक रिले चिकटला तर काय होईल तेही आत्ताच डोक्यात ठेवा. मोटर एका दिशेला चालत राहील. उलट दिशेचा स्विच दाबलात तर दोन्ही टोकांना प्लस येतो आणि मोटर थांबते, पण बोट काढलं की पुन्हा सुरू. म्हणून ब्रेकर ओढून काढता येणारा हवा, आणि बेल्ट बांधलेल्या पायलटच्या हाताशी. फ्यूजबॉक्समध्ये मागे कुठेतरी गाडलेला फ्यूज इथे उपयोगाचा नाही.

मोटरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून न्या, कार्बनच्या जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. नाहीतर फ्लॅप हलवताना रेडिओवर टॉवरचं बोलणं खरखरीत बुडेल, आणि नेमकं तेव्हाच टॉवर काहीतरी सांगत असतो.

---

रामबागचा_मिशिगनात

काका, नमस्कार. मूळचा इंदूर रामबागचा, आता मिशिगनला. माझं आरव्ही-८ उडतंय, त्यात तयार, सेन्सरवाली मोटर आहे. फिटर काकांनी लॉकवायरबद्दल लिहिलंय त्यावर माझंही पूर्ण अनुमोदन. दर वार्षिक तपासणीत मी सीटमागचं कव्हर काढून सगळ्यात आधी तीच वायर बघतो.

मला कंट्रोलरबद्दल सांगायचंय. सेन्सर असेल तर स्टेजवार कंट्रोलर जरूर लावा. एकदा स्विच टिचकावला की फ्लॅप १० वर जाऊन थांबतो, पुन्हा टिचकावला की २०, मग पूर्ण. डोळे बाहेर राहतात, बोट दाबून धरावं लागत नाही. काही कंट्रोलरना डिजिटल पॅनेलकडून वेग कळतो, मर्यादेच्या वर असताना ते फ्लॅप उघडूच देत नाहीत.

---

फिटर_ग्वाल्हेर

मिशिगनच्या भाऊंशी इथे माझं पटत नाही. पहिल्या पन्नास तासांत साधा स्विच, दाबाल तेवढा वेळ चालणारा. नव्या विमानात नवा पायलट, प्रत्येक अंशाला नाकाचं वजन कसं बदलतं ते हाताला कळायला हवं. आणि तुमच्या त्या पेटीत "वर" ची एकच टिचकी थेट शून्यावर नेते का? गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, पूर्ण फ्लॅप एकदम उचलला तर वेग यायच्या आधी उचल जाते आणि विमान बसतं. जमिनीपासून पन्नास फुटांवर हे परवडत नाही.

---

रामबागचा_मिशिगनात

माझ्यात वरचीही टिचकी टप्प्याटप्प्यानेच आहे, ते मुद्दाम निवडलं होतं. थेट शून्यावर नेणारे आहेत हे खरं, आणि तुम्ही म्हणता तो धोकाही खरा. रिव्हेट काका, कंट्रोलर घेतलात तर ही एक गोष्ट विकत घेण्याआधी वाचा. साध्या स्विचने सुरुवात करायला माझी हरकत नाही, फक्त सेन्सरच्या तीन वायरी आत्ताच पॅनेलपर्यंत ओढून ठेवा. नंतर सीट, कव्हर, कार्पेट सगळं उघडावं लागतं. आणि सेन्सरची जमीन मोटरच्या जमिनीला जोडू नका, ती थेट पॅनेलला न्या. नाहीतर मोटर चालताना आकडा नाचतो.

---

रिव्हेट_इंदूर

सगळ्यांचं ऐकून असं ठरवलंय. तयार मोटर. १६ गेज, १५ चा ओढता येणारा ब्रेकर, थ्रॉटलच्या डावीकडे. दोन रिले, साधा स्विच. सेन्सरच्या वायरी ओढून, टोकं हीट श्रिंकने बंद करून, पॅनेलमागे बांधून ठेवणार. कंट्रोलरचं पन्नास तासांनंतर बघू.

मोटर आली की आधी ती त्याच फ्रेमला टांगणार. दीडशे किलो, रात्रभर, मग सँडर. ती रांगली तर परत पाठवेन, कितीही महाग असो. धरली तर २२५ किलोला पुन्हा. पंख लावायच्या आधी ट्यूबच्या दोन्ही टोकांना सारखा भार टांगून ब्रॅकेटही तपासतो, कारण मोटर जेवढी ओढते तेवढंच ब्रॅकेटचे रिव्हेट ओढले जातात, आणि ते जुन्या मालकाने मारलेले आहेत. मला ते एकेक तपासायचेच होते.

काका, एकच राहिलं. दांड्याला लॉकवायरचं भोक पाडायचं ते १.६ मिलिमीटरने की त्याहून बारीक? दांडा पोकळ आहे.

---

फिटर_ग्वाल्हेर

१.६ ठीक. भोक आट्यांच्या भागात येऊ देऊ नका, रॉड एंड जिथपर्यंत शिरतो त्याच्या पुढे घ्या. रॉड एंड किती शिरलाय ते आधी दांड्यावर मार्करने खूण करून ठेवा, किमान आत शिरायची मर्यादा उत्पादकाच्या कागदात असते. पाडताना मोटर आडवी आणि भोक खालच्या बाजूला धरा, म्हणजे बुरा आत स्क्रूवर न जाता बाहेर पडेल. दोन्ही कडा घासून गोल करा, नाहीतर तीच धार वायर कापते. झालं की फोटो टाका, पीळ कुठल्या दिशेला आहे ते मी बघून सांगतो.